पंप नसलेलं पुस्तक

आईला एक पुस्तक पुढे वाचून दाखवायचं, एवढंच काम होतं. पुस्तक घरात, ऐकणारी घरात, वाचणाराही घरात आणि तोही रजेवर. एवढ्याशा कामासाठी आपल्याला वाचनालयाच्या झाडून सगळ्या सेवा वापराव्या लागतील, नजर गेलेल्या आईला टॅक्सीत घालून दगडी जिना चढवावा लागेल आणि शेवटी शेजारच्या हेडमास्तरांना आपल्या सोफ्यावर बसून रडताना बघावं लागेल, असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. आई रडत नव्हती, ही आमची खरी पंचाईत होती. भेटायला येणारी मंडळी रडायच्या तयारीने यायची, आणि आई त्यांनाच पाणी द्यायला सांगायची. एरवी ती खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत बसून राही. ‘हो’, ‘नको’ आणि ‘ठेव तिथे’ याखेरीज चौथं काही तिच्या तोंडून निघत नसे. माझी बायको म्हणाली, “आई आपल्याकडे पाहुण्यासारख्या राहायला लागल्यात हो.” मला ते ऐकून राग आला, कारण ते खरं होतं.

अशात एके दिवशी दुपारचा चहा झाल्यावर आई आपणहून म्हणाली, “त्यांचं पुस्तक अर्धवट राहिलंय. पुढे वाचशील?”

आईची नजर गेल्यापासून बाबा तिला रोज चहानंतर वाचून दाखवायचे. ही वेळ त्यांनी कुणासाठी मोडली नव्हती, माझ्या लग्नाच्या वाढदिवसासाठीही नाही. तेव्हा आईने असं विचारल्यावर मला इतका आनंद झाला, की तिने सांगितलं असतं तर मी विजेचं बिलसुद्धा भावपूर्ण वाचलं असतं. शिवाय माझ्या वाचनाबद्दल मला थोडा अभिमान आहे. विम्याच्या कचेरीत वार्षिक सभेचा अहवाल दरवर्षी मीच वाचतो, आणि आजवर मध्येच कुणी उठून गेलेलं नाही. दारं बंद असतात हे खरं, पण तो मुद्दा वेगळा.

बाबांच्या खुर्चीशेजारच्या फळीवर खाकी कागदाचं कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. मी ते काढलं, घसा साफ केला आणि उघडलं. आत लिहिलं होतं, ‘पाण्याचे पंप : देखभाल आणि दुरुस्ती’.

बाबांचा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला. घरात पंपांचं पुस्तक असणं यात नवल काही नव्हतं. मी म्हटलं, “आई, हे ते नाही. दुसरं आहे.”

“तेच आहे.”

“अगं, हे पंपांचं आहे.”

“ते त्यातूनच वाचायचे,” आई म्हणाली.

मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे बघितलं. म्हाताऱ्या माणसाचं दुःख डोक्यात गेलं की घरातली तरुण माणसं एकमेकांकडे जसं बघतात, तसं आम्ही बघितलं. तरुण म्हणजे मी त्रेपन्न. मी अगदी समजुतीच्या सुरात आईला सांगितलं की कव्हरांची अदलाबदल झाली असणार, खरं पुस्तक वाचनालयाचं असेल आणि बाबांनी ते परत केलं असेल. आई म्हणाली, “मग राहू दे.”

हे ‘राहू दे’ मला लागलं. आई हट्टाला पेटली असती तर मी कदाचित तिथेच काहीतरी केलं असतं. पण आमच्या घरात आईने ‘राहू दे’ म्हटलं की ते प्रकरण मिटल्यात जमा असतं. मिटता मिटता तीही थोडी मिटते की काय, अशी भीती मला गेले काही दिवस वाटत होती. तेव्हा मी ठरवलं, की काही झालं तरी ते पुस्तक आणायचं आणि शेवटपर्यंत वाचायचं.

पुस्तकाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. कव्हर घातल्यामुळे नाव झाकलेलं, आणि आईच्या लेखी ते ‘घड्याळवाल्याचं पुस्तक’. गोष्ट मात्र बायकोला बरीचशी माहीत निघाली, कारण ती दुपारी स्वयंपाकघरात असायची आणि बाबा मोठ्याने वाचायचे. एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस असतो, चौकात त्याचं लहानसं दुकान असतं, गावाच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ बरीच वर्षं बंद असतं आणि ते चालू करायचं त्याच्या डोक्यात असतं. त्याच्या बायकोची नजर हळूहळू जात असते. शेवटचं वाक्य सांगताना माझी बायको थांबली आणि कणीक मळायला लागली.

शेजारच्या हेडमास्तरांना मी हे सगळं जिन्यात सांगितलं. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत आहे. हेडमास्तर निवृत्त, पत्नी केव्हाच गेलेली, आणि सल्ला देणं हा त्यांचा उरलेला व्यवसाय. माझे गुडघे, माझी बढती, आमच्या नळाची गळती, कशावरही त्यांचा सल्ला तयार असतो आणि तो नेहमी काहीतरी करण्याचा असतो. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, “वाचनालयात जाऊ नकोस. ते पुस्तक काही इतकं चांगलं नाही.”

“तुम्ही वाचलंय, सर?”

“चाळलंय,” ते म्हणाले, आणि किल्ली हातात असूनही किल्ली शोधायला लागले.

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण हेडमास्तरांच्या सल्ल्याच्या उलट वागायची मला इतकी सवय आहे, की मी तडक वाचनालय गाठलं.

वाचनालयात नवीन ग्रंथपाल आला होता. तिशीतला, उत्साही, आणि पार कंटाळलेला. लोक तिथे वर्तमानपत्रं चाळायला, पंख्याखाली बसायला आणि स्वच्छतागृह वापरायला येत. या मुलाने कसल्या कसल्या सेवा सुरू करून त्यांचं एक रंगीत पत्रक छापून घेतलं होतं, आणि ते पत्रक लोक बसण्याआधी खुर्ची पुसायला वापरत. मी आत शिरून “जरा मदत हवी होती” म्हटल्यावर तो उभाच राहिला.

“ज्येष्ठ नागरिक कक्ष उजवीकडे, आजोबा.”

मी त्याला माझं वय सांगितलं. त्याने माफी मागितली आणि काका म्हणायला लागला. ही सुधारणा मी मुकाट्याने स्वीकारली.

घड्याळवाला, चौक, मनोरा एवढ्यावर त्याने संदर्भसेवा नावाची सेवा मला दिली, म्हणजे मला बसवून तो आत गेला आणि धुळीने पांढरा होऊन बाहेर आला. हातात हिरव्या पुठ्ठ्याची जाड कादंबरी होती. तिचं नाव मी इथे सांगत नाही, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे बोलणार आहे ते लेखकाच्या नातेवाइकांना आवडणार नाही. मी बाबांचं कार्ड पुढे केलं. आणि प्रामाणिकपणा नडतो तो असा, की बाबा गेले हेही सांगितलं.

त्याचा चेहरा पडला. सभासद हयात नसल्यास कार्ड रद्द. माझ्या नावाने नवीन कार्ड काढावं तर समितीची बैठक व्हायला हवी, आणि समितीचे अध्यक्ष मुलीकडे गेलेले. पण त्याच्याकडे एक सेवा होती, जी आजवर कुणी मागितलीच नव्हती. ज्यांना वाचनालयात येता येत नाही त्यांना थेट घरपोच पुस्तक, समितीशिवाय. आई अगदी त्यात बसत होती. फक्त त्यांना येता येत नाही याची ग्रंथपालाने समक्ष खात्री करून घ्यायची, असा नियम होता.

“मग या ना घरी,” मी म्हटलं.

“मला जागा सोडता येत नाही, काका. एकटाच आहे. त्यांना इथे आणावं लागेल.”

नियम त्यानेच केलेला नव्हता, हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. त्यामुळे मला भांडताही येईना.

टॅक्सी बोलावली. आई नको म्हणेल असं वाटलं होतं, पण वाचनालय म्हटल्यावर तिने साडी बदलली. वाचनालयाचा जिना दगडी आणि उंच पायऱ्यांचा आहे. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने बायको, आणि पुढे टॅक्सीवाला, कारण त्याला आमची दया आली होती. प्रत्येक पायरीवर आई थांबायची. मला वाटलं ती दमतेय, म्हणून मी सारखा “बसतेस का?” विचारत होतो. ती दमत नव्हती. ती कठड्यावरून हात फिरवत होती.

“रोज इथूनच चढायचे ना?” तिने विचारलं.

वर गेल्यावर तिने दीर्घ श्वास घेतला. जुन्या कागदांचा, फिनेलचा आणि ओल्या छत्र्यांचा वास होता. बाबांच्या सदऱ्यांनाही असाच यायचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ग्रंथपालाने कुणाला तरी विचारून बाबा कुठे बसायचे ते शोधून काढलं, आणि आईला त्या खुर्चीवर बसवलं. आई तिथे हात मांडीवर ठेवून शांत बसली. वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनी पानं उलटायची थांबवली. मी खिडकीशी जाऊन रस्ता बघत बसलो, कारण माझ्याच्याने आईकडे बघवेना.

मग ग्रंथपाल माझ्याजवळ आला आणि अतिशय दुःखाने म्हणाला, “काका, त्या तर आल्या.”

ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठीची सेवा, येऊन दाखवलेल्या बाईंना देता येत नव्हती. मी काही बोलणार, तोच तो म्हणाला, की आल्याच आहेत तर ज्येष्ठ नागरिकांचं कार्ड समक्ष सहीने निघू शकतं, त्याला समिती लागत नाही. आईने त्याच्या बोटाच्या आधाराने सही केली. अशा रीतीने, जिथे येता येत नाही हे दाखवायला आम्ही आलो होतो, तिथली आई रीतसर सभासद झाली. हिरवी कादंबरी मिळाली. शिवाय आग्रहाने एक भिंग, मोठ्या अक्षरांतलं चरित्र आणि ब्रेल शिकण्याची पहिली पुस्तिका मिळाली. आईला सत्त्याहत्तरावं चालू आहे असं मी म्हटलं, पण त्याने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहानंतर मी आरामखुर्ची ओढून बसलो. बाबांच्या खुर्चीत बसायचं धाडस अजून होत नव्हतं.

“कुठून सुरू करू?”

आई म्हणाली, “मनोऱ्यावरच्या घड्याळात पाणी शिरतं आणि तो पंप बसवतो, तिथवर आलो होतो.”

मी पानं चाळली. मनोरा होता, घड्याळ होतं, पाऊस होता. पंप कुठेही नव्हता. मी तसं सांगितलं.

“त्यांच्या वाचनात होता,” आई म्हणाली.

मी पुढचं प्रकरण सुरू केलं. पहिल्याच पानाला बायको दारात येऊन हळूच म्हणाली, “अहो, कुणाचा तरी दावा फेटाळल्यासारखं वाचताय.” मी दुर्लक्ष केलं. आवाजात चढउतार आणला, स्वल्पविरामांना न्याय दिला. आणि वाचता वाचता मला कळलं की या प्रकरणात घड्याळवाल्याची बायको जाते. तिची नजर पूर्ण गेलेली असते, ती आजारी पडते आणि पाच पानांत जाते. मध्येच थांबावं की नाही हे ठरेपर्यंत ती गेलीसुद्धा.

आईचे हात मांडीवर होते. ती म्हणाली, “त्यांच्या वाचनात ती जात नव्हती. ती दुकानात बसायची. नुसत्या टिकटिकीवरून घड्याळाला काय झालंय ते सांगायची.”

“पण आई, इथे छापलंय.”

“असेल. राहू दे.”

रात्रीचं जेवण तिने अर्धं टाकलं.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. पण मी विम्याच्या कचेरीतला माणूस. एकाच गोष्टीचे दोन जबाब जुळत नसतील तर कागद दोन आहेत, ही आमची शिकवण. म्हणजे ही आवृत्ती वेगळी. बाबांनी वाचली ती पंपाची आवृत्ती निराळी असणार. मी हे ग्रंथपालाला सांगितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी माझ्या लग्नात माझ्याही चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

“आंतरग्रंथालयीन देवघेव,” तो म्हणाला.

म्हणजे आपल्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या गावच्या वाचनालयातून मागवायचं. त्याला ही सेवा कधीची वापरून बघायची होती. त्याने पत्रं लिहिली, फोन केले, आणि आमच्याकडे घड्याळवाले येऊ लागले. पहिली आवृत्ती आली, तिची पानं हात लावताच तुटत होती आणि बायको त्यातही गेली. सुधारून वाढवलेली आवृत्ती आली, त्यात ती जायला नऊ पानं लागली. मुलांसाठी संक्षिप्त केलेली आली, त्यात ती एका ओळीत आटोपली आणि खाली प्रश्न होता, ‘घड्याळवाल्याला वाईट का वाटले?’ त्यानंतर ध्वनिमुद्रित पुस्तक आलं. त्यातल्या गृहस्थांचा आवाज फार दमदार होता, आणि त्यांनी तिला बासरीच्या साथीवर मारलं.

दर वेळी आई शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि ‘राहू दे’ म्हणायची. आता तर ती दुपारी चहानंतर झोपते म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. झोप लागलेली नसायची. मी दारातून बघायचो. बाबांना मी दवाखान्यात नेलं तेव्हा तेही असेच पाठ करून पडले होते. आता मला खरंच भीती वाटायला लागली होती, आणि भीती वाटली की मी आणखी एक पुस्तक मागवायचो. त्याखेरीज काय करावं ते मला सुचत नव्हतं.

ग्रंथपालाच्या पत्रकात शेवटची एक सेवा उरली होती. घरी येऊन वाचून दाखवणारे वाचकमित्र. त्याने एक बाई पाठवल्या. स्टेशनवर गाड्यांच्या येण्याजाण्याच्या घोषणा करायच्या त्या, आता निवृत्त. आवाज स्वच्छ, उच्चार खणखणीत. त्यांनी हिरवी कादंबरी उघडली आणि त्याच प्रकरणापाशी आल्यावर त्यांना स्वतःलाच रडू फुटलं. घोषणेचा आवाज आणि हुंदका असं एकत्र मी कधी ऐकलं नव्हतं. आईने उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि बायकोला पाणी आणायला सांगितलं. वाचकमित्र बाई आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या आणि आई कोरड्या डोळ्यांनी त्यांना थोपटत होती.

त्या गेल्या आणि बायको आईला घेऊन गच्चीवर वारा खायला गेली. मी खाली बसून परत द्यायची पुस्तकं पिशव्यांत भरत होतो, तेवढ्यात दार वाजलं. हेडमास्तर होते. आत येऊन ते बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, “बास कर आता. किती वेळा मारणार आहेस तिला?”

मला कळेना.

“भिंतीतून सगळं ऐकू येतं मला. पाच वेळा गेली ती बिचारी. त्यात ती बासरी.” मग ते सोफ्यावर बसले. “पंपाचं पुस्तक नाहीये रे. मीही शोधलंय.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांची पत्नी गेल्यापासून घरात आवाज नाही म्हणून ते टीव्ही लावून ठेवायचे. एकदा दुपारी वीज गेली आणि भिंतीतून बाबांचं वाचन ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी वीज होती तरी त्यांनी टीव्ही लावला नाही. तेव्हापासून ते रोज चहाचा कप घेऊन भिंतीला खुर्ची लावून बसायचे. पण बाबा रोज थोडंच वाचायचे, आणि हेडमास्तरांना धीर धरवेना. त्यांनी वाचनालयात जाऊन त्या पुस्तकासाठी नाव नोंदवलं. प्रत एकच होती. नियमाप्रमाणे बाबांना ती परत करावी लागली.

“मी घरी आणून एका बैठकीत संपवलं,” ते म्हणाले. “शेवट वाचून वाईट वाटलं. त्याहून वाईट वाटलं ते माझं. आता भिंतीपलीकडे दुपारी काही ऐकू येणार नाही, आणि ते मी केलं. पण त्याच दिवशी चहानंतर तुझ्या वडिलांचा आवाज आला. घड्याळवाल्याचीच गोष्ट. मी पुस्तक उघडून बोट लावून बसलो. एक ओळ जुळेना. तिसऱ्या दिवशी घड्याळवाला पंप आणायच्या गोष्टी करायला लागला. मला वाटलं, आपल्याला चुकीची आवृत्ती मिळाली. जाऊन विचारूनसुद्धा आलो.”

आम्ही दोघेही जरा हसलो. मग ते हसायचे थांबले.

“पुढे एकदा ते मला जिन्यात भेटले. मी माफी मागणार, तर तेच म्हणाले, ‘सर, पुस्तक तुम्ही नेलंत ते बरं केलंत. पुढच्या प्रकरणात ती जाते. मला ते हिच्यापुढे मोठ्याने वाचता आलं नसतं.’ मला शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. हिला वाटतंय सगळं पुस्तकातच आहे, म्हणाले. मग पुढे वर्षभर चालवली त्यांनी ती गोष्ट. खात्यातले सगळे लोक त्यात आणले. मलाही आणलं. मनोऱ्याखाली उभं राहून सगळ्यांना सल्ले देणारा एक मास्तर होता त्यात.” हेडमास्तरांनी चष्मा काढला. “आणि ते मधेच गेले. मनोऱ्यावरचं घड्याळ चालू झालं की नाही, मलाही कळलं नाही. मीही अडकलोय रे.”

असं म्हणून ते रडायला लागले. आमच्या घरात बाबांसाठी असं रडलेलं ते पहिलं माणूस. मला वाटलं होतं मी त्यांना धीर देईन, पण मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मलाही रडू आलं. पंपांच्या पुस्तकाला बाबांनी कव्हर का घातलं असेल, हे माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. आईला ते दिसणार नव्हतंच. बघणाऱ्याला, म्हणजे मला आणि माझ्या बायकोला, कळू नये म्हणून घातलं होतं.

बायको गच्चीवरून खाली आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं, आणि आईला हे सांगावं की नाही असं विचारलं. ती म्हणाली, “सांगू नका. उद्या चहा झाला की ते पुस्तक घ्या आणि बसा.”

“मला गोष्टी रचता येत नाहीत गं.”

“त्यांना तरी कुठे येत होत्या? पंप बसवला त्यांनी घड्याळात.”

दुसऱ्या दिवशी चहानंतर आई उठून आत जायला निघाली, तेव्हा मी म्हटलं, “आई, थांब. पुस्तक सापडलं.” मी खाकी कव्हरचं पुस्तक फळीवरून काढलं. कव्हरचा कागद वाजला आणि आईने मान वळवली. मी पहिल्यांदाच बाबांच्या खुर्चीत बसलो. ती माझ्या अंदाजापेक्षा खोल होती. बाबा जिथे हात ठेवायचे तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

समोर एका झडपेचं चित्र होतं. त्याकडे बघत मी सुरू केलं. घड्याळवाल्याने पंप चालवला आणि मनोऱ्यातलं पाणी उपसलं. माझा सभेतला आवाज कुठे गेला कोण जाणे. मी अडखळत होतो, तेच वाक्य दोनदा म्हणत होतो. अडलो की खाली छापलेलं काहीतरी उचलायचो, त्यामुळे घड्याळवाल्याने वंगणावर जरा लांबलचक भाषण केलं. मग त्याची बायको मनोऱ्यावर आली. जिना दगडी होता. ती एकेक पायरी थांबत, कठड्यावरून हात फिरवत वर आली. तिने मोठ्या घड्याळाला कान लावला आणि सांगितलं, की तिसऱ्या चाकात खडा आहे. खाली उभा असलेला मास्तर म्हणाला, की मी हे आधीच सांगितलं होतं.

आईच्या ओठांवर काहीतरी हललं.

तेव्हा मला वाटलं, आता आईला शेवट द्यावा. तिला तो हवा होता, त्यासाठीच तर हे सगळं. मी खडा काढला. घड्याळ सुरू केलं. चौकातली सगळी माणसं वर बघायला लागली, मनोऱ्यावरून पहिला ठोका पडणार, आणि...

“इतक्यात संपवू नकोस,” आई म्हणाली.

मी थांबलो.

“आणि पान उलट. मघापासून एकाच पानावर आहेस. तेही विसरायचे.”

मी विचारलं, “तुला माहीत होतं?”

“आधी पानं वाजायची. मग वाजेनाशी झाली. मग एकदम आठवण आल्यासारखी चार चार वाजायची.” तिचा आवाज कापायला लागला होता. “मला कळत नाही असं त्यांना वाटायचं. किती मन लावून सांगायचे. सकाळी फिरायला जायचे ते दुपारचं जुळवायला जायचे.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं की. पहिल्याच दिवशी म्हटलं, तेच पुस्तक आहे. त्यांनी जे लपवलं ते मी कसं फोडू?” आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा आई रडली. मोठ्याने, तोंडावर पदर न घेता रडली. बायको धावत आली आणि दारातच थांबली. मी पुस्तक मांडीवर ठेवून आईचा हात धरला. खूप दिवसांनी आई माझ्या घरात राहायला आल्यासारखी वाटली.

मग तिने डोळे पुसले, नाक पुसलं आणि पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर खुर्चीत नीट सावरून बसली.

“तो ठोका पडू देऊ नकोस अजून,” ती म्हणाली. “त्यांनी पाडला नसता. पुढे वाच.”

भिंतीपलीकडे हेडमास्तरांचा टीव्ही चालू होता. तो बंद झाला आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

मी पान उलटलं.